आईच्या हिरडीची जाडी

सोम., १२ जाने.

आज क्लिनिकात राडा. सगळा एका शब्दावरून. जाडी.

मागच्या आठवड्यात मीच नियम केलाय की तार लावायला आलेल्या प्रत्येकाची हिरडी आधी मोजायची, निदान खालच्या पुढच्या दातांपाशी. हिरडी पातळ असली आणि दात पुढे सरकवला की ती खाली उतरते, मूळ उघडं पडतं. मग पेशंट आयुष्यभर थंड पाणी पिताना आपल्याला शिव्या देणार. सरांचं (क्लिनिक त्यांचं, मी त्यांच्या हाताखाली) म्हणणं, "बेटा, तीस साल से तार लगा रहा हूं, मेरे को आंख से दिखता है." मला नाही दिसत आंखसे. मी मोजते. हिरडी बधिर करायची, बारीक सुई टोचायची, आत टणक लागलं की थांबायचं, सुईवरची रबराची चकती हिरडीला टेकवायची, सुई बाहेर काढून टोकापासून रबरापर्यंत कॅलिपरवर मोजायचं. दोन मिनिटं. सर तेवढ्या वेळात चहा पितात आणि घड्याळाकडे बघतात.

तर उल्हासनगर कॅम्प चारच्या एक सिंधी काकू खुर्चीत. अंगाने चांगल्या भरलेल्या. मी सुई काढली आणि कांचन (आमची असिस्टंट, राहते सोनिवलीला, आवाज तिथपर्यंत पोचतो) वही उघडून ओरडली, "मॅडम, जाडी किती?"

काकू ताडकन उठून बसल्या. "जाडी किसको बोला?"

मी म्हटलं, आंटी, मसूड़े की, थिकनेस... "चालीस साल से उल्हासनगर में हूं. जाडी क्या होता है, मेरे को मत सिखाओ."

कांचन मदतीला धावली. "तुमाला नाय बोलली ओ, तुमच्या हिरडीला बोलली!" झालं. आणखी भडकल्या. शेवटी सर आले, सिंधीत दोन वाक्यं बोलले, आणि काकू खो खो हसत परत आडव्या झाल्या. नंतर विचारलं काय सांगितलंत. "बोला, ये लड़की मेरे को भी जाडी बोलती है."

बुध., १४ जाने.

शब्दावर बंदी. कांचनने नवी भाषा काढलीय: भाकरी, चपाती, पापड. एक मि.मी.च्या खाली पापड. वहीत फक्त भा / च / पा.

दुपारी तीन पेशंट लागोपाठ. "पापड, मॅडम?" "पापड." "हा पन पापड?" सर केबिनच्या दारात. "किधर है?"

गुरु., १५ जाने.

सर सकाळी येताना भाजलेल्या पापडांची पिशवीच घेऊन आले. दिवसभर वेटिंग रूममध्ये कुरुमकुरुम. तार लावलेल्यांना कडक खायचं नाही असं सांगणारा बोर्ड त्यांच्या डोक्यावर.

रवि., १८ जाने.

जेवताना आई म्हणाली, "मला तार लावायची."

मी हसले. ती नाही हसली.

म्हणाली, सोळाव्या वर्षी शाळेत डॉक्टर आले होते तपासायला. दात वाकडे आहेत, तार लावून घ्या म्हणाले. आजोबा म्हणाले, दात चावायला असतात, चावता येतंय ना? विषय संपला. मग आनंदनगरच्या कंपनीत नोकरी, पॅकिंगला एकोणतीस वर्षं उभी, त्यातच लग्न, मग मी आणि माझं कॉलेज. "चाळीस वर्षं थांबले. आता घरात डॉक्टर आहे. अजून कोणाची वाट बघू?"

बाबा : "अगं, छप्पन्नाव्या वर्षी?"

आई : "तुमचं काय जातंय? दात माझेत."

आठ वर्षं मी फक्त दात शिकले. रोज हिच्यासमोर बसून जेवले. खालचे चार दात एकमेकांच्या अंगावर चढलेत, एक तर आडवाच उभा आहे, आणि मला एकदाही वाटलं नाही की विचारावं. लाज वाटली. तिला तसं सांगितलं. म्हणाली, "लाज नंतर. अपॉइंटमेंट दे."

गुरु., २२ जाने.

आई क्लिनिकात. हिरवी सिल्कची साडी. तार लावायला नाही गं, फक्त तपासायला, असं सांगूनही.

फोटो, एक्स-रे झाले. हाड चांगलं, दात घट्ट. शेवटी हिरडी. सगळ्यात वाईट तो आडवा उभा उजवा मधला. त्यालाच जागा करून द्यायला सगळे दात थोडे पुढे न्यावे लागणार, म्हणजे त्याचीच हिरडी बघायची. सुई टोचली, मोजलं. ०.९१.

"जाडी कमी आहे," मी म्हटलं. नियम मीच मोडला.

आईने तोंडातला कापूस काढला. "परत बोल."

"जाडी कमी आहे."

"मोठ्याने बोल. आणि घरी जाऊन ह्यांच्यासमोर बोल. तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझी जाडी कमी म्हणालंय."

कांचन वहीवर डोकं टेकून हसत होती. वहीत पा, पण च ला अगदी लागून. सर म्हणाले, "नाइंटी-वन? चलेगा. हल्के हाथ से करेंगे." पुढच्या महिन्यात सुरू करायचं ठरलं. चिखलोलीला घरात पोचेपर्यंत आईने वॉचमन, लिफ्टमधल्या काकू आणि भाजीवाला, तिघांनाही सांगितलं. भाजीवाल्याने विचारलं, मग कणीस नको का आता? तिने सहा घेतली. "आत्ताच खाऊन घेते."

रवि., २५ जाने.

आज बाबा.

बाबांबद्दल या वहीत कधी लिहिलंच नाही बहुतेक. आईच्याच कंपनीत क्वालिटीला होते. मशीनचे पार्ट मोजून पास करायचे, आई पॅक करायची. आईची पहिली ओळख म्हणजे बाबांनी तिचे अकरा खोके परत पाठवले होते, आत एक पार्ट कमी म्हणून. आई अजून म्हणते, पार्ट बरोबर होते, मोजणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

तर बाबा म्हणाले, तुझं ते माप कसं घेतेस दाखव. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले, चष्म्यावर चष्मा. माझी जुनी सुई, माझं कॅलिपर, आणि हिरडीच्या जागी केळ्याचं साल. एकाच जागी दहा वेळा टोचायला लावलं. दहा मापं, दहाही वेगळी.

"कॅलिपर बरोबर आहे," बाबा म्हणाले. "तुझा हातही बरोबर. रबर सरकतंय. कॅलिपर लावतेस ना, तेव्हा त्याचा दात रबराला वर ढकलतो. माप जास्त येतं."

उपाय पण त्यांचाच. सुई बाहेर काढली की आधी रबरावर चिकटवायच्या गोंदाचा एक थेंब, वाळला की मग कॅलिपर. परत दहा वेळा. दहाही सारखी. मी उठून त्यांच्या टकलाची पापी घेतली. ते लाजून साल टाकायला गेले.

मग हळूहळू लक्षात आलं. माझ्या वहीतले चौदाही पेशंट.

आणि मग आई. जास्त येतं, म्हणजे...

आई पलीकडे बसून पाचवं कणीस खात होती.

बुध., २८ जाने.

चौदापैकी अजून कोणालाच तार लावलेली नाही, हे नशीब. सगळ्यांना फोन केले, परत या म्हणून. सिंधी काकू म्हणाल्या, "फिर से जाडी नापोगे? आती हूं."

दुपारी आई. गोंद लावून तीन वेळा. ०.६२. ०.६३. ०.६२.

आज कांचन ओरडली नाही. मी आकडे बोलले, तिने लिहिले, पेन ठेवलं.

सरांनी हिरडीखाली पट्टी घालून बघितली. हिरडीतून पट्टी दिसत होती, इतकी पातळ. चष्मा काढला. "नहीं बेटा. ये आगे जाएगा तो मसूड़ा गया. एक दांत निकाल दो, जगह हो जाएगी, आगे जाना ही नहीं पड़ेगा."

आई खुर्चीत उठून बसली. "दात काढायचा नाही. एकही नाही. सगळे मी जपलेत."

उल्हासनगर ते चिखलोली, आई स्कूटीवर मागे. सिग्नलला मी मान वळवून बघितलं, आहे ना मागे. आहे. पर्स छातीशी धरून.

आजचा दिवस वाईट.

शुक्र., ३० जाने.

बाबा खाली पार्किंगमध्ये उभे. मी हेल्मेट काढायच्या आत म्हणाले, "एक विचारू?"

"विचारा."

"ते पहिलं माप होतं ना. एक्क्याण्णव. तेच धरलं तर?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. एकतीस वर्षांत या माणसाने साहेबाच्या फोनवर कधी एक पार्ट पास केला नाही. एकदा त्यापायी बढती गेली होती. आईच शेजारणीला सांगायची, अभिमानाने.

"बाबा, गोंद तुम्हीच लावलात."

"हो. माझंच चुकलं." जमिनीकडे बघत होते. "ती परवापासून आरशात बघत नाहीये. म्हणून म्हटलं."

मला रडू आलं, त्यांनाही. मग दोघांनाही हसू आलं, कारण वॉचमन विचारायला आला की स्कूटी पंक्चर आहे का.

मी म्हटलं, एक्क्याण्णव नाही धरायचं. ते म्हणाले, नाहीच धरायचं, मी काही बोललो नाही, तू काही ऐकलं नाहीस. मग लिफ्टमध्ये : "दुसरा काही मार्ग नसतो का? नापास पार्टला रीवर्क असतं आमच्याकडे."

रीवर्क! असतं की. अगदी पुस्तकात असतं. मी दोन दिवस फक्त आकड्याकडे बघत बसले होते.

रवि., १ फेब्रु.

सकाळी हिरड्यांच्या डॉक्टरांशी बोलले. दर बुधवारी आमच्याकडे येतात, माझ्याच वयाच्या, हात सोन्याचा. त्यांनी फोटो बघितले. होईल म्हणाल्या. टाळूचा एक छोटा तुकडा घेऊन खालच्या हिरडीला लावायचा, तीन महिने थांबायचं, मग परत मोजायचं. जाडी वाढली तर तार. नाही वाढली तर नाही.

आईला समजावलं. अर्ध्यातच थांबवलं तिने. "म्हणजे वरचं कापड काढून खाली ठिगळ?"

"हो."

"मग चार दिवस तोंड पाडून का बसलीस? गोधड्या शिवून शिवून माझी बोटं झिजली. ठिगळाचं मला काय सांगतेस?"

परत आरशात बघायला गेली. आतून ओरडली, "ठिगळ मॅचिंग असतं का?"

बुध., ११ फेब्रु.

झालं ठिगळ. मी बाहेर उभी राहणार होते, आत गेले, नखं खाल्ली, मला बाहेर काढलं. पाऊण तास. सहा टाके. कांचनने सगळा वेळ आईचा हात धरला होता. आई म्हणे तिला डोळ्यांनी सांगत होती की पंखा कमी कर.

गुरु., १२ फेब्रु.

बोलायला बंदी, दोन दिवस. आई हॉलमध्ये, बाबा स्वयंपाकघरात, घराच्या ग्रुपवर मेसेज :

"पेज घट्ट आहे."

"आता पातळ आहे."

"मीठ."

"मीठ म्हणजे घाला, विचारलं नाही."

बाबा डाव हातात घेऊन मला म्हणाले, "बोलत होती तेव्हा बरं होतं. आता लेखी आहे, नाकारता येत नाही."

बुध., २५ फेब्रु.

टाके काढले. ठिगळ गुलाबी, जिवंत. मॅचिंग नाही, जरासं फिकट आहे. आई म्हणाली चालेल, ओठाच्या आत कोण बघतंय.

शुक्र., १३ मार्च

सर स्वतः मोजायला लागलेत. मी गेले तर म्हणाले, "मैं तो सिर्फ चेक कर रहा था." वहीत त्यांच्या अक्षरात दोन पा. एकावर आधी भा होतं, खोडलेलं.

मंगळ., १४ एप्रिल

जयंती. सकाळी पांढऱ्या साड्या, खीर, बिल्डिंगच्या गेटवर पंचशीलाचे झेंडे. कांचनला बोलावलं होतं, ती आईसाठी मोगऱ्याचा गजरा घेऊन आली आणि दोन वेळा खीर प्यायली.

संध्याकाळच्या मिरवणुकीत आई पुढे, महिला मंडळाबरोबर. ढोल थांबला की खालचा ओठ ओढून बायकांना दाखवत होती. "हे बघ. इथं. टाळूचं आहे." एकीने विचारलं दुखलं का. "पोरीने केलं असतं तर दुखलं असतं. दुसऱ्या डॉक्टरने केलं."

मी झेंड्यामागे लपले. नाचून नाचून पाय गेलेत. बाबा नाचले! हात वर करून, एकाच जागी, माप घेतल्यासारखे. किती छान दिवस.

बुध., १३ मे

तीन महिने. मोजायचा दिवस. बाबा पण आले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. कांचनने त्यांना स्टूल दिलं. बसले नाहीत.

तीन वेळा. गोंद. वाट बघायची. कॅलिपर.

१.०२

०.९७

१.००

ठिगळ धरलंय, पण थोडं आकसलंय. ठिगळानंतरची रेघ आम्ही एकची ठरवलेली, या वेळी 'चलेगा' नको म्हणून. आई खुर्चीत, तोंडात कापूस, डोळे आधी माझ्याकडे, मग बाबांकडे, मग सरांकडे. सर आकडे परत परत वाचत होते. मग वही माझ्या हातात दिली. "मां तुम्हारी, पेशंट तुम्हारा, डॉक्टर तुम. तुम बताओ."

मी म्हटलं शनिवारपर्यंत वेळ द्या.

आई घरी येताना बोलत होती. पण सगळं कैऱ्यांबद्दल.

शुक्र., १५ मे

हिरड्यांच्या डॉक्टरांचं मत : लावता येईल, जपून. नाही लावली तरी चूक म्हणणार नाही. याला मत म्हणतात?

शनि., १६ मे

बाबांना विचारलं, बरोबर रेघेवर पार्ट आला की काय करायचात?

मला वाटलं रिजेक्ट म्हणतील. म्हणाले, "पास नाही करायचो, फेकायचोही नाही. वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायचो, चिठ्ठी लावून. मशीनवर चढवला तरी रोज सकाळी जाऊन बघायचो. बाकीच्या हजार पार्टांकडे कोणी बघत नाही, त्या एकाकडे मी बघायचो. तो एक कधी दगा द्यायचा नाही."

"कधीच नाही?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोनदा दिला."

खरं बोलणारा माणूस घरात असला की असं होतं. दुपारभर गॅलरीत बसले. मग आईला सांगितलं सगळं, न लपवता. सगळ्यात बारीक तारेने सुरू करीन. इतरांना दीड वर्ष लागतं, तुला अडीच लागतील. दर महिन्याला फोटो, दर महिन्याला माप. हिरडी केसभर जरी खाली सरकली तर तार तिथेच थांबेल, मग दात अर्धे सरळ झाले असोत की नसोत. आणि सरकणार नाही असं मी सांगू शकत नाही.

आई कैऱ्या किसत होती. किसणी खाली ठेवली. "अडीच वर्षं म्हणजे मी एकोणसाठची."

"हो."

"तशीही होणारच आहे." परत किसायला लागली. "बुधवारी सकाळची वेळ ठेव. सकाळी तुझा हात चांगला असतो."

मंगळ., १९ मे

कांचनने विचारलं, मॅडम, आईंचा वहीत काय लिहू, पा का च? मी म्हटलं नाव लिही. नुसतं नाव.

बुध., २० मे

सकाळी साडेनऊ. सर मुद्दाम उशिरा येणार म्हणून सांगून ठेवलं होतं त्यांनी. बाबा बाहेर वेटिंग रूममध्ये, हातात वर्तमानपत्र, उलटं. कांचनने दात वाळवले, दिवा सरकवला. मी चिमट्यात तार धरणारा पहिला ब्रॅकेट उचलला. एवढासा. शेकडो लावलेत आजवर, डोळे मिटून लावते मी. दातापाशी नेला. खाली ठेवला, परत उचलला, परत तेच.

आईने बघितलं. कांचनला खूण करून ओठ ओढून धरणारं ते प्लास्टिक काढायला लावलं.

"घाबरलीस?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले.

"हो."

"खूप?"

"खूप."

तिने मान परत मागे टेकवली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. "मग नीट करशील," म्हणाली, आणि आ केला.